आबांच्या डोळ्यांचा रंग

आबा,

यंदाच्या आखाजीला, कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेला, तुमचं चित्र भिंतीवर लावायचं ठरलं आहे. तेलरंगातलं, छातीपर्यंतचं, तुम्ही लोकांची काढायचात तसं. काढायचं अर्थात मी, कारण घरात दुसरं कुणी ब्रश धरत नाही. कापड ताणून झालं, अस्तर झालं, टोपी झाली, कोटाची कॉलर झाली, कपाळावरच्या आठ्या तर मी न बघताही काढल्या असत्या. आणि डोळ्यांशी येऊन थांबले आहे. गेले कित्येक दिवस तुमच्या चष्म्याच्या दोन रिकाम्या काचा माझ्यासमोर आहेत आणि मी त्यांच्यासमोर. मी तुमची सून. तुमच्या घरात राहिले, तुमच्या हाताखाली शिकले, तुमच्यामुळे आज जळगावात चार लोक मला आर्टिस्ट म्हणतात. आणि तुमचे डोळे कोणत्या रंगाचे होते, हे मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, ही काय बोलायची गोष्ट झाली. पण तुम्हीच आठवून बघा. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. सासऱ्यासमोर पदर घ्यायचा रिवाज आमच्याकडेही होता, पण धुळ्याला तुमच्या घरी तो जरा जास्तच होता. पदर कपाळाच्या खाली, नजर स्वतःच्या पायांच्या बोटांवर, आणि सासऱ्याशी बोलायचं तर सासूच्या मार्फत. तुम्ही जेवायला बसलात की मी भाकरी आईंच्या हातात द्यायची आणि आईंनी ती तुमच्या ताटात टाकायची. तुम्हाला मीठ हवं असलं की तुम्ही भिंतीला सांगायचात, भिंतीचं आई ऐकायच्या आणि आईंचं मी. तोपर्यंत तुमची भाजी संपलेली असायची. पहिल्या वर्षात मी तुमचे पाय ओळखायला शिकले, मग पाठ, मग हात. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी तुम्हाला घट्टा होता, पॅलेट धरून धरून पडलेला. तो घट्टा आजही मला हुबेहूब काढता येईल. चेहरा म्हणाल तर बाजूने दिसायचा, दारातून, तुम्ही कामात असताना. नाक दिसायचं, चष्म्याची दांडी दिसायची, कानामागचे पांढरे केस दिसायचे.

पुढची खोली तुमची होती. दुकानांच्या पाट्या तुम्ही कधी केल्या नाहीत, तुमचं काम माणसांचं. ज्याच्या घरातलं म्हातारं माणूस गेलं, तो वर्षश्राद्धाच्या आधी फोटो घेऊन तुमच्याकडे यायचा. कधी ओळखपत्रावरचा, कधी कुणाच्या लग्नातल्या गर्दीत सापडलेला, नखाएवढा चेहरा. तुम्ही भिंग लावून तो बघायचात आणि मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचात. डोळे काळे होते, की पिंगट, की घारे? कारण फोटो काळे-पांढरे. आणि हटकून माणसं अडखळायची. नरडाण्याकडचे दोन भाऊ बापाचा फोटो घेऊन आले होते आणि बापाच्या डोळ्यांवरून तुमच्या खोलीतच भांडायला लागले, ते मी दाराआडून ऐकत होते. तुम्ही त्यांना म्हणालात की घरी जा, ज्या बाईनं त्यांना भाकर वाढली तिला विचारून या, तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही. ते निघून गेल्यावर तुम्ही मोठ्यानं हसलात. माणूस आयुष्यभर बापाचं खातो आणि बापाचे डोळे बघत नाही, असं काहीसं बोललात. मीही आत पदर तोंडात धरून हसले होते. अंदाजानं डोळा घातला की माणूस दुसराच होतो, हे तुमचं ठाम मत होतं. कुणाला काही आठवेना तर ते चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कुणीतरी खात्रीनं सांगेपर्यंत. म्हणून आता माझी जी फजिती झाली आहे ती बघून तुम्ही पुन्हा तसेच हसला असता, आणि मला त्याचा रागही आला नसता.

तुम्ही मला शिकवायला कधी लागलात, हे नीट सांगता येत नाही, कारण तुम्ही मला शिकवताय असं तुम्ही कधी कबूलच केलं नाही. सुरुवात ब्रशांपासून झाली. तुम्हाला ताप होता आणि ब्रश टर्पेन्टाइनच्या डब्यात तसेच राहिले होते. आई म्हणाल्या, बाहेरच्या नळावर नेऊन धुऊन टाक. शाळेत मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या, पण तिथं पाण्याचे रंग. हे रंग पाण्याला दाद देईनात. मग मी तळहातावर साबण घेतला, ब्रश त्यावर गोल गोल फिरवला, फेस पांढरा येईपर्यंत धुतला आणि शेवटी केस बोटांनी दाबून त्यांना पहिला आकार दिला. तुम्ही बरे होऊन खोलीत गेलात. मग तुम्ही विचारलंत की ब्रश कुणी धुतले. आईंना वाटलं काहीतरी बिघडलं, त्यांनी लगेच माझं नाव सांगून टाकलं. तुम्ही नुसतं हूं म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून परत फिरत होते, तेवढ्यात तुम्ही समोरच्या कोऱ्या कापडाशी बोलायला लागलात.

कापडाशीच. पाठ माझ्याकडे, तोंड कापडाकडे. कापड चौकटीवर ताणताना खिळा आधी प्रत्येक बाजूच्या मधोमध मारायचा आणि मग मधून कोपऱ्यांकडे जायचं, कोपऱ्यापासून सुरुवात केली की झोळ पडतो, असं तुम्ही त्या कापडाला समजावून सांगत होतात. मी थांबले. तुम्ही आणखी सांगितलंत. ताणून झालं की पातळ सरस लावायचा, नाहीतर तेल सुती कापडाला खाऊन टाकतं. सरस वाळला की पांढरं अस्तर, ते वाळलं की बारीक पॉलिश पेपर, आणि पुन्हा अस्तर. चहा निवला. तुम्ही तो तसाच प्यायलात. त्यानंतर रोज दुपारी चहा उंबऱ्यावर आणि शिकवणी कापडाला. पुढे उंबऱ्याच्या आत, तुमच्या पाठीमागे, एक पाट येऊन बसला. कुणी ठेवला, कशासाठी ठेवला, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मी त्यावर बसायला लागले. आई स्वयंपाकघरातून शेजारणीला सांगायच्या, "हाऊ माणूस आते कापडसंगे बोलाले लागना." शेजारीण काळजीनं विचारायची की दवाखान्यात दाखवलं का.

आज मी माझ्या क्लासमध्ये जे शिकवते ते सगळं त्या पाटावरचं आहे. पहिला थर गडद तपकिरी बर्न्ट अंबरचा, टर्पेन्टाइन घालून अगदी पातळ, नुसती उजेड-सावली मांडायला. त्यावर पुढचे थर, आणि प्रत्येक वरच्या थरात जवसाचं तेल थोडं जास्त. उलट केलं, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडं, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो, आणि काही वर्षांनी चेहऱ्याला भेगा पडतात. पुस्तकात हे पानभर लिहिलेलं असतं. तुम्ही कापडाला एवढंच म्हणाला होतात, "खालना थर भुक्या, वरना जेयेल." माझ्या क्लासमधली मुलंमुली, त्यांतली अर्धी बाहेरगावची, हे वाक्य अहिराणीतच घोकतात. सावलीत काळा घालायचा नाही, काळ्यानं चेहरा मळतो. उन्हात राबलेल्या माणसाच्या कातडीला तांबूस बर्न्ट सिएना आणि चिमूटभर निळा. डोळ्यातलं पांढरं कधीच पांढरं नसतं, ते राखाडी असतं, कडेला थोडं पिवळं. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच, आणि तो ठेवला की हात मागे घ्यायचा. हा ठिपका तुम्ही सकाळी आंघोळ करून ठेवायचात. त्या वेळी मात्र कापडाशी बोलणं बंद असायचं. मी श्वास रोखून तुमच्या पाठीकडे बघत बसायचे. पाठ ताठ व्हायची, कोपर हलायचं आणि समोरचा मेलेला माणूस जिवंत व्हायचा.

आणि ती ब्रशांची गंमत. आई माळकरी, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. एकदा तुम्ही आवाज अगदी खाली आणून कापडाला सांगितलंत की हे कडक ब्रश डुकराच्या केसांचे असतात, तेलरंगाला तेच लागतात, पण आतल्या खोलीत ते घोड्याचे आहेत आणि घोड्याचेच राहतील. मी हसू दाबताना पाटावरून पडायची बाकी राहिले. तेव्हा तुमचे खांदेही हलत होते. आई आता आमच्याकडे जळगावला असतात, खूप थकल्या आहेत, आणि ते अजून घोड्याचेच आहेत.

पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी थेट बोललात तो दिवस उन्हाळ्यातला. तोवर मला अस्तर लावणं, चेहऱ्यामागची मोकळी जमीन रंगानं भरणं अशी कामं मिळायला लागली होती, तुम्ही बाहेर गेलात की मी ती उरकायचे. त्या दिवशी तुम्ही लवकर परत आलात. मी घाईनं पदर कपाळावर ओढला आणि त्याचं टोक थेट पॅलेटवर पडलं, तिथून चित्रातल्या म्हाताऱ्याच्या नव्या कोटावर फिरलं. कोटाची पार रांगोळी झाली. मी थिजून उभी. आता आई, मग आईंच्या मार्फत तुम्ही, असा बोलण्याचा फेरा येणार म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही चप्पल काढलीत, रंग पुसायचं फडकं माझ्या बाजूला सरकवलंत, आणि म्हणालात, "पदर खोसी ले, माय. रंगले काय पदर समजस?"

मी पदर कमरेला खोचला. डोकं उघडं पडलं. आईंनी दारातून ते बघितलं आणि त्या पुन्हा आत गेल्या, रात्रीच्या जेवणापर्यंत भांडी जरा जास्त वाजली, एवढंच. पण डोक्यावरचा पदर गेला तरी नजर कुठे वर येते, आबा? ती तर लहानपणापासून खाली शिवलेली. आणि तुमचीही तीच गत होती. तुम्ही कोटाकडे बघत बोलत होतात, मी फडक्याकडे बघत ऐकत होते. सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही हे तुम्हीही तितकंच पाळलंत. लोकांना वाटतं बंधन सुनेलाच असतं.

नंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही मला पॅलेट करून दिलीत. सागाची, हलकी, जवसाचं तेल पाजून पाजून काळसर केलेली. अंगठ्याचं भोक माझ्या अंगठ्याला इतकं बरोबर बसलं की मी चकित झाले. माझा हात तर तुम्ही कधी धरून बघितला नव्हता. मग मागे आठवलं तेव्हा लक्षात आलं. एक ओलं कापड उचलताना माझा अंगठा त्याच्या कडेला उमटला होता आणि तुम्ही ती कड बरेच दिवस पुसली नव्हती. तुम्ही त्यावरून माप घेतलं होतं. मला आयुष्यात दागिने मिळाले, साड्या मिळाल्या, तुमच्या मुलानं हौसेनं बरंच काही घेतलं. पण मी चित्रं काढणारी बाई आहे हे मला पहिल्यांदा त्या भोकात अंगठा घातल्यावर कळलं. ती पॅलेट मी आजही वापरते. या क्षणी ती माझ्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

रागावलात मात्र एकदाच, आणि तो राग मी विसरले नाही. चाळीसगावकडच्या एका कुटुंबानं आजीचं चित्र नेलं होतं. सवाष्ण गेलेली म्हातारी, कपाळावर तुम्ही छान ठसठशीत कुंकू रंगवलेलं. चित्र वरून वाळलं आहे, पण आतून ओलं आहे, सहा महिने हात लावू नका, वर्षश्राद्धाला हारसुद्धा लांबून घाला, असं तुम्ही बजावून सांगितलं होतं. पण फोटोला काच असते आणि तेलचित्राला नसते, हे कुणाच्या लक्षात राहतं? म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं, खरं कुंकू, बोटानं, दाबून. ते ओल्या रंगात रुतलं आणि खाली ओघळ आला. ते लोक चित्र परत घेऊन आले, ओशाळलेले. तुम्ही आत हातपाय धूत होतात. मी हुशारी दाखवायला टर्पेन्टाइनचा बोळा घेतला आणि कपाळाजवळ नेला. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, असा की त्या खोलीत मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "लावेल कुंकू पुसानं नही."

बोळा माझ्या हातातून पडला. तुम्ही त्या लोकांना सांगितलंत की आज्यानं लावलंय ना, मग ते राहील. नंतर तुम्ही ते चित्र महिनाभर सावलीत वाळू दिलंत आणि मग त्या ओघळाच्या कडेनं इतक्या बारकाईनं कातडीचा रंग आणलात की ते कुंकू नुकतंच कुणीतरी प्रेमानं लावल्यासारखं दिसायला लागलं. जरासं वाकडं, जरासं ओघळलेलं. म्हातारबुवा चित्र न्यायला आले आणि हात जोडून नुसते उभे राहिले. तुम्हाला ते सहन झालं नाही, तुम्ही उगाच खिडकीजवळ जाऊन तेलाचे बोळे तारेवर पसरत बसलात, जे मी सकाळीच पसरून ठेवले होते. तेलाची फडकी गोळा करून ठेवली की आपल्या खानदेशच्या उन्हात ती आपली आपण पेट घेतात, हेही तुम्हीच शिकवलेलं. पण त्या दिवशी फडक्यांचं निमित्त होतं. आबा, त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला, की तुमच्याकडे सरळ बघावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बघितलं नाही.

तुम्ही गेलात ते असेच, चौकटीला खिळा मारता मारता. वर्षश्राद्धाला सगळे म्हणाले, आता तुमचं चित्र. मी कापड ताणलंही होतं. पण मला त्याच्यासमोर बसवेना. शेवटी फोटोच मोठा करून लावला, तोही काळा-पांढरा आणि वर चष्म्यावर उजेड पडलेला. पुढे यांच्या बदलीनं आम्ही जळगावला आलो, माझा क्लास सुरू झाला, मी किती घरांतली किती माणसं भिंतीवर चढवली, आणि तुम्ही त्या फोटोतच राहिलात. यंदा नवी सून आली घरात. ती मला मम्मी म्हणते, माझ्यासमोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि माझ्या डोळ्यांत बघून बोलते. सुरुवातीला माझीच नजर खाली जायची. तिनं सहज विचारलं की सगळ्या गावाचे आजोबा पेंट केले, मग आपल्या घरातले आजोबा फोटोत का? आखाजीला पितरांची घागर भरतो तेव्हा तुमच्या फोटोसमोर डांगराचं फळ ठेवतो, तर या आखाजीला चित्रासमोर ठेवू, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं.

मग सुरू झाली डोळ्यांची चौकशी, अगदी नरडाण्याच्या भावांसारखी. तुमचा मुलगा म्हणतो काळे, आणखी कसले असणार. चाळीसगावच्या ताईंना, तुमच्या लेकीला, फोन केला, त्या म्हणतात चांगले घारे होते, माझे बघ ना, आबांवर गेलेत. सूनबाईनं फोटो मोबाईलमध्ये घालून रंगीत करून आणला, त्यात तुमचे डोळे निळे आले आणि तुम्ही कुणीतरी इंग्रज कलेक्टर दिसायला लागलात. घर हसून हसून बेजार झालं. शेवटी मला तुमचाच सल्ला आठवला, ज्या बाईनं भाकर वाढली तिला विचारा. आईंच्या खाटेजवळ जाऊन बसले. आबांचे डोळे कसे होते हो, आई? त्यांनी पांघरूण नीट केलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "मी कोठे दखात, माय? आमना टाइमले नवराना तोंडकडे कोन दखे?"

आणि त्या कुशीवर वळल्या. हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. मला वाटायचं, निदान त्यांनी तरी बघितले असतील.

इथपर्यंत लिहून हा कागद बरेच दिवस तसाच पडला होता. मध्ये बरंच झालं, ते सांगते आणि संपवते. तुमचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आखाजी जवळ येत होती, थर वाळायला हवा होता. एका दुपारी, आई झोपल्या होत्या, बाकीचे कामावर, मी तुमचा नियम मोडला. एक रंग ठरवला, मनानंच, आणि तुमचे डोळे रंगवले. पांढरं राखाडी ठेवलं, कडेला जरा पिवळं, बुबुळं भरली, पापणीची सावली दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले आणि उजेडाचे दोन ठिपके ठेवले. हात मागे घेतला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आबा, माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर ओढायला. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी खुर्चीवर, आणि मी डोक्यावरून नसलेला पदर कपाळावर ओढतेय. मान खाली गेली ती वर येईना. या वयात, माझ्याच घरात, मीच काढलेल्या चित्रासमोर मी पायांची बोटं बघत उभी होते.

तुम्हाला असं उघड्या डोळ्यांनी भिंतीवर बसवलं असतं तर माझी आखाजी त्या खोलीत मान खाली घालूनच गेली असती. आणि तुम्हीही अवघडला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून थर वाळू दिला. जळगावच्या उन्हानं तेवढं काम पटकन केलं. मग त्यावर जास्त तेलाचा रंग घेऊन तुमच्या पापण्या खाली आणल्या. आता चित्रात तुम्ही खाली बघताय, छातीशी धरलेल्या पॅलेटकडे. पॅलेट आधी नव्हती, ती नंतर घातली, आणि अंगठ्याच्या मुळाशी घट्टाही. काल सगळ्यांना दाखवलं. तुमचा मुलगा चष्मा पुसत राहिला. आई काठी टेकत आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि चक्क सरळ तुमच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कितीतरी वेळ. तुम्ही खाली बघत होतात, म्हणून त्यांना ते जमलं. मलाही जमलं. मी तुमच्याकडे मनसोक्त बघितलं, आबा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही देखणे होतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सूनबाईनं विचारलं की पापण्या खाली का. मी सांगितलं की फोटोत चष्म्यावर उजेड होता, डोळे दिसत नव्हते, म्हणून. तिला पटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं असतं तरी आता जमलं नसतं. लिहिता लिहिता शेवटचा ब्रश मी याच कागदाला पुसला. तेलाचा कागद झालाय, तेव्हा फडक्यांबरोबर बाहेर तारेवर पसरून ठेवते, गोळा करून ठेवत नाही. एवढंच सांगायचं राहिलं. अंदाजानं घातलेले डोळे तुमच्या शिस्तीप्रमाणे मी आधी खरवडून काढायला हवे होते. काढले नाहीत. लावलेलं पुसायचं नाही, हेही तुमचंच. पापण्यांच्या खाली ते तसेच आहेत, उघडे, उजेडाच्या ठिपक्यांसकट. रंग कोणता ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि चुकला असेल या भीतीनं तुम्हालाही सांगत नाही.